उसनी पहाट

चिंचणीच्या किनाऱ्यावर पहाटे धावायचं तर आधी तिथी बघावी लागते. इथली जुनी माणसं सांगतात तो हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. तिथून सहा तास मागे आलं की ओहोटी. म्हणजे पहाटे सव्वापाच-साडेपाचला पायाखाली घट्ट, ओली, लांबच लांब वाळू हवी असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे तीन-चार दिवसच मिळतात. अष्टमीच्या पहाटे त्याच जागी समुद्र असतो.

म्हणून माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काही तिथींभोवती गोल असतात. त्याच चौकोनांत ‘फ’, ‘से’, ‘ना’ अशी अक्षरं असतात : फर्स्ट, सेकंड, नाइट. नवरा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहे आणि त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्टला तो साडेसहाला घर सोडतो, तेव्हा मला सहा-सव्वासहाच्या आत परत यायला हवं. सेकंडला तो रात्री साडेअकराला येतो; मग पहाट माझी, पण त्याची झोप मोडायची नाही. नाइटच्या आठवड्यात तो घरात नसतोच. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. सासूबाई चौसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात, तरी पहाटे त्याच जाग्या असतात. चंद्र, कारखाना, मुलं आणि सासूबाई या चौघांचं जुळलं की उरतो तो माझा सराव.

मी अर्धी मॅरेथॉन धावते, २१ किलोमीटर ९७ मीटर. माझी सर्वांत चांगली वेळ १ तास ५३ मिनिटं ३४ सेकंद. मला १ तास ५० मिनिटांच्या आत यायचं आहे. हिशोब केला तर किलोमीटरला अकरा सेकंद कमी करायचे. पाच मिनिटं तेवीसच्या जागी पाच मिनिटं बारा. मी शाळेत गणित शिकवते, आकड्यांशी माझं सख्य आहे. पण हे अकरा सेकंद माझ्या आयुष्यातला सर्वांत अवघड आकडा ठरला आहे. हा लेख त्या अकरा सेकंदांबद्दल आहे, आणि ते कुणाच्या खात्यातून येतात त्याबद्दल.

आम्ही राहतो त्या बोईसरमध्ये मी धावते हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. नवापूर रोडवर, एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर कुणीतरी बघतंच. सुरुवातीला आश्चर्य होतं, आता कौतुक आहे. ‘तब्येतीसाठी चांगलं आहे,’ असं बायका म्हणतात. ‘बाळंतपणानंतर वजन उतरायला बरं.’ ‘आई तंदुरुस्त असली की मुलंही तंदुरुस्त.’ या सगळ्या वाक्यांत परवानगी आहे, आणि ती मला तब्येतीसाठी मिळाली आहे. मी म्हटलं की मला वेळ सुधारायची आहे, मला माझ्या वयोगटात वर यायचं आहे, की चेहरे बदलतात. ‘मग मुलं?’ हा प्रश्न तिथे येतो. तब्येतीसाठी धावताना मुलं कुणीतरी सांभाळत होतंच. तेव्हा तो प्रश्न नव्हता.

मला वाटतं, याचं उत्तर आपल्या एका फार जुन्या आणि फार लाडक्या गोष्टीत आहे. हिरकणीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. कोजागिरीला रायगडावर दूध घेऊन गेलेली गवळण, तिन्हीसांजेला बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ, आणि अंधारात तिने उतरलेला तो सरळ कडा. मी ही गोष्ट माझ्या मुलीला सांगते आणि प्रत्येक वेळी माझा गळा दाटतो. शरीराच्या जोरावर केलेला आईचा एवढा मोठा पराक्रम आपल्या सांगण्यात दुसरा नाही. पण ती बाळाच्या दिशेने उतरते. म्हणून तो पराक्रम आपल्याला लगेच कळतो. बारामतीच्या लता करे यांची गोष्टही अशीच काळजाला भिडली. साठी ओलांडलेल्या बाई, नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्या धावण्याला मी मनापासून नमस्कार करते. तीही कुणाच्या तरी दिशेने धावलेली बाई.

मी पहाटे पावणेपाचला घरातून निघते तेव्हा माझी पाठ घराकडे असते. दीड तास मी माझ्या मुलांपासून लांब जात असते. ती संकटात नाहीत, ती झोपलेली आहेत. नवऱ्याला औषध नको आहे. मला अकरा सेकंद हवे आहेत, एवढंच. अशा बाईची गोष्ट आपल्याकडे अजून तयार झालेली नाही. ती कुणी सांगितली नाही म्हणून ती चुकीची आहे, असं मी मानत नाही.

पुरुषांची तशी गोष्ट मात्र आहे. एलियूड किपचोगे हा माझा आवडता धावपटू. २०१६चं आणि टोकियोचं, अशी ऑलिंपिक मॅरेथॉनची दोन सुवर्णपदकं. तो केनियातल्या काप्टागाटच्या शिबिरात राहत आला, साध्या खोलीत, आपले कपडे आपण धुऊन, आठवडाभर; शनिवारी-रविवारी घरी. तीन मुलांचा बाप. त्या शिबिराचं वर्णन वाचताना सगळ्यांना तपश्चर्या आठवते, मलाही आठवली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी तेच वर्णन पुन्हा वाचलं आणि माझं लक्ष एल्डोरेटमधल्या त्या घराकडे गेलं, जिथे सोमवार ते शुक्रवार तीन मुलांचे डबे, ताप आणि अभ्यास कुणीतरी पाहत होतं. किपचोगेचं मोठेपण मला त्यामुळे लहान वाटलं नाही. फक्त त्याच्या वेळेमागे दुसऱ्या कुणाचा तरी वेळ आहे, हे दिसू लागलं.

आपल्या देशाने हा दुसरा वेळ मोजला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं विनामोबदला घरकाम करताना आढळली, घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. २०२४च्या पाहणीत तेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषाची नऊ. दरी जिथे होती तिथेच राहिली. मुलांना, म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. धावणाऱ्या माणसाला २९९ हा आकडा ओळखीचा वाटेल. ४ तास ५९ मिनिटं. मुंबईत जानेवारीत पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर धावणाऱ्या कितीतरी हौशी लोकांची वेळ याच्या आसपास असते. ते वर्षातून एकदा ती धावतात, गळ्यात पदक घालून फोटो काढतात, दोन दिवस जिना उतरताना कठडा धरतात.

शर्यतीत दोन वेळा लागतात. पिस्तूल उडाल्यापासूनची ती गन टाइम. तुमच्या नंबरामागच्या चिपने सुरुवातीची चटई ओलांडल्यापासून शेवटची चटई ओलांडेपर्यंतची ती चिप टाइम. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला चटईपर्यंत पोचायलाच पाच-सात मिनिटं जातात, म्हणून चिप टाइम न्याय्य मानतात, आणि ती आहेही. पण लहान मुलांच्या घरातून शर्यतीला आलेल्या बाईकडे बघताना मला गन टाइम जास्त खरी वाटते. तिची शर्यत आदल्या रात्री मुलाला थोपटताना सुरू झालेली असते. पहाटे डबा भरून ठेवताना, मुलीच्या औषधाची वेळ पाटीवर लिहिताना ती चालूच असते. चटई नंतर येते.

आता शरीराबद्दल, कारण इथे माझ्याकडून मोठी चूक झाली आणि ती सांगितलीच पाहिजे.

मुलगी झाली तेव्हा मी सव्वा महिना माहेरी होते. शेक, शेगडी, अळीव, डिंकाचे लाडू, दुपारी सक्तीची झोप. मला त्या सक्तीचा राग यायचा. फोनवर मी जगातल्या धावणाऱ्या आया वाचत होते. नॉर्वेच्या इन्ग्रिड क्रिस्टियनसनला १९८३च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि पाचच महिन्यांनी तिने ह्यूस्टन मॅरेथॉन जिंकली. १९८५मध्ये लंडनला तिने २ तास २१ मिनिटं ६ सेकंद अशी जागतिक विक्रमाची वेळ दिली, जी तेरा वर्षं कुणाला मोडता आली नाही. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफला २००७च्या जानेवारीत मुलगी झाली, नोव्हेंबरमध्ये ती न्यूयॉर्क जिंकली. मी ठरवलं, सातव्या आठवड्यापासून धावायचं. आणि धावले. नवव्या आठवड्यात पाऊल टाकताना ओटीपोटात खाली काहीतरी ओढल्यासारखं वाटू लागलं. खोकला आला तरी कपडे ओले व्हायचे. मी कुणाला सांगितलं नाही. ज्या डॉक्टरकडे शेवटी गेले त्यांनी तपासण्याआधीच विचारलं, आता मुलं झाल्यावर पळायचं कशाला? मी तिथून उठून आले आणि पुढचे चार महिने दुखणं अंगावर काढलं. त्या प्रश्नाची मला चीड आहे. पण सातव्या आठवड्याचा उतावळेपणा माझा होता.

गरोदरपणात आणि बाळंतपणात कंबरेच्या तळाचे स्नायू ताणले जातात, सांध्यांना धरून ठेवणाऱ्या ऊती सैल होतात, आणि त्या पूर्ववत व्हायला आठवडे नव्हे, महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार त्याच सैल जागेवर येतो. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९मध्ये बाळंतपणानंतर धावण्यावर परतण्याची मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, त्यात पहिले बारा आठवडे तरी थांबा, आधी चाला, मग त्या स्नायूंना बळ द्या, असं स्पष्ट सांगितलं. मुलाच्या वेळी मी ते पाळलं. माझ्या आजीच्या सव्वा महिन्यात तेवढं शास्त्र नव्हतं, पण बाईला झोपू द्या हे त्यात होतं, आणि ते आज कुठल्याही सरावाच्या तक्त्यात मला सर्वांत वरती लिहावंसं वाटतं.

ज्या बायकांच्या गोष्टी मी वाचत होते, त्यांच्या आत काय चाललं होतं तेही पुढे कळलं. अमेरिकेच्या कारा गाउचरला २०१०च्या सप्टेंबरमध्ये मुलगा झाला. प्रायोजक कंपनी, नायकी, ती पुन्हा शर्यतीत उतरेपर्यंत पैसे देणार नव्हती. बाळ आजारी होऊन रुग्णालयात असताना तिला त्याला तिथे सोडून सरावाला जावं लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये ती बोस्टनला धावली. जगाला तो आईपणाचा विजय वाटला. खरी हकीगत तिने २०१९मध्ये सांगितली. त्याच सुमारास धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्सही बोलली, आणि मग कंपनीने गरोदर खेळाडूंचं मानधन अठरा महिने कापणार नाही असं धोरण केलं. मी फोनवर ज्या बातम्या वाचून सातव्या आठवड्यात उठले होते, त्या तशाच घरांमधून येत होत्या.

तरी एक गोष्ट मला आजही बळ देते, आणि ती मी वारंवार आठवते. जॅस्मिन पॅरिस ही एडिंबराची पशुवैद्य. २०१९च्या जानेवारीत तिने इंग्लंडच्या डोंगरांतली स्पाइन रेस धावली, २६८ मैल, म्हणजे ४३१ किलोमीटर, थंडीत, बहुतेक अंधारात. मुलगी चौदा महिन्यांची, अंगावर पिणारी. जॅस्मिन वाटेतल्या मुक्कामांवर थांबून दूध काढत होती. ८३ तास १२ मिनिटांत ती सगळ्या पुरुषांच्याही आधी पोचली आणि आधीचा विक्रम बारा तासांनी मोडला. तिचं धावणं लेकीपासून लांब जाणारं होतं, आणि दूध त्याच शरीरातून येत होतं. मला हे दोन्ही एकाच बाईत पाहायला मिळालं याचं फार समाधान आहे. दूध ‘आंबतं’ म्हणून धावू नये, असं मला आमच्याकडे दोन-तीन जणींनी सांगितलं होतं. मध्यम गतीच्या व्यायामाने दुधाला काही होत नाही, बाळ ते नाकारत नाही. माझ्या मुलाने एकदाही नाकारलं नाही.

हिरकणीच्या नावाने आपल्याकडे एसटी स्थानकांत आणि कचेऱ्यांत स्तनपानाच्या खोल्या आहेत, हिरकणी कक्ष. किती चांगलं नाव आहे. शर्यतीच्या सुरुवातीच्या मैदानात असा एक कक्ष असावा, पडदा, खुर्ची, पाणी, असं मला नेहमी वाटतं. मी ज्या शर्यतींत धावले तिथे तो मला दिसला नाही. गाड्या लावण्याच्या जागी दोन मोटारींच्या मध्ये ओढणी धरून मी दूध काढलं आहे. बोस्टन मॅरेथॉनने २०२३पासून गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्पर्धक बाईला तिची जागा पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवायची सोय केली. लंडनलाही ती आहे. आमच्या पालघर जिल्ह्यात वसई-विरारची मॅरेथॉन २०११पासून होते आणि डिसेंबरच्या त्या रविवारी हजारो माणसं रस्त्यावर येतात. एवढ्या मोठ्या उत्सवात हे दोन लहान बदल फार खर्चाचे नाहीत.

बोईसरमध्ये धावण्याबद्दल एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. ही हवा साधी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सर्वांत वर होतं. कापड, रसायनं, औषधं, पोलाद, आणि पलीकडे १९६९पासूनचं अणुवीज केंद्र. या गावाने हजारो घरं चालवली आहेत, माझंही. पण पहाटे वारा पडलेला असताना काही वास जमिनीलगत साचून राहतात. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना तीच साठ-सत्तर लिटरवर जाते. म्हणून मी वास आला की नाकावरून रस्ता ठरवते. एमआयडीसीकडे वास असेल तर पालघरच्या रस्त्याला लागते. उमरोळीवरून कोळगावला, जिथे २०१४मध्ये झालेल्या आमच्या नव्या जिल्ह्याचं मुख्यालय उभं आहे, तिथपर्यंत जाऊन परत. अठराएक किलोमीटर. रविवारची लांब धाव तीच. मी रस्ता बदलू शकते. मुलं घरात झोपलेली असतात, आणि खिडकीतून येते ती हवा तीच असते. धावायला लागल्यापासून मी या हवेबद्दल जास्त बोलते, सोसायटीच्या सभेत, शाळेत, जिथे संधी मिळेल तिथे. छातीत भरून घेतल्याशिवाय ती मला एवढी कळली नसती.

परतताना साडेसहाच्या सुमारास बोईसरच्या नाक्यावर मजूर बायका उभ्या असतात. आजूबाजूच्या पाड्यांवरून चालत, टमटममधून आलेल्या. काहींच्या पाठीला फडक्यात बांधलेलं मूल. दिवसभर विटा, खडी, डोक्यावर घमेली, संध्याकाळी पुन्हा तेवढंच अंतर. माझ्या घड्याळात दिवसाची पावलं मोजली जातात. त्यांची मोजली तर माझा आकडा मला सांगवणार नाही. किनाऱ्यावर माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन झपझप चालणाऱ्या बायकांचंही तेच. दम या जिल्ह्यात भरपूर आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपलीकडची मुलगी, पाण्याचे हंडे वाहत वाढली. हरसूलची शाळा आणि नाशिकला विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला, तेव्हा २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य आलं. दमाच्या जोडीला तिला दिवसातला मोकळा वेळ मिळाला, आणि तो वापरायला कुणीतरी शिकवलं. नाक्यावरच्या बाईकडे तो वेळ नाही, आणि उसना द्यायलाही तिच्या घरात कुणी नाही. सराव संपवून घामाने भिजलेली मी तिच्यासमोरून जाते तेव्हा दर वेळी वाटतं की मी ज्याला माझा संघर्ष म्हणते, त्यातला मोठा भाग माझं नशीब आहे.

उसना हा शब्द मी विचार करून वापरते आहे. आमच्या चाळीत, माझ्या लहानपणी, साखर-पीठ उसनं घेण्याची रीत होती. वाटी घेऊन जायचं, भरून आणायचं, आणि परत करताना तीच वाटी, शिगेपर्यंत. आई म्हणायची, नेलेल्यापेक्षा चिमूटभर जास्त घालून द्यायचं. त्यात लाज नव्हती. देणारी बाई उद्या मागायला येणारच असायची. कर्ज आणि उपकार या दोन्हींपेक्षा ही वेगळी गोष्ट होती. तिच्यात बरोबरी होती.

माझी पहाट अशी उसनी आहे. फर्स्टच्या आठवड्यात ती सासूबाईंची असते, सेकंडला नवऱ्याच्या झोपेतून येते. बराच काळ मी तिला हक्क समजत होते, आणि जेव्हा ती मिळाली नाही तेव्हा मला राग यायचा. त्याआधी काही काळ मी तिला उपकार समजत होते, आणि धावून आल्यावर दिवसभर दुप्पट काम करून फेडायचा प्रयत्न करायचे. त्यात माझी तब्येत गेली आणि सगळ्यांचा आनंदही. मुलांचा वेळ मी घेते, असं लोकांना वाटतं. मुलं साडेसहापर्यंत झोपलेली असतात. वेळ घेते मी मोठ्या माणसांचा, आणि तो परत करता येतो.

मग शर्यतच कशाला, आरामात फिरून ये, असंही हितचिंतक सांगतात. लहान मुलांच्या घरात काहीच पूर्ण होत नाही. भांडी घासली की पुन्हा भांडी. नखं कापली की पुन्हा वाढलेली. मूल शहाणं होतं आहे की नाही हे वीस वर्षांनी कळणार. आणि त्या कामाला मोजमाप नाही. किती चांगलं केलं हे सांगणारी कुठलीच चटई वाटेत नसते. अर्ध्या मॅरेथॉनला शेवट असतो. तिथे माझा आकडा माझा असतो आणि तो कुणाच्या मायेने वाढत नाही किंवा टीकेने कमी होत नाही. मला त्याची भूक आहे. ती भूक मुलं व्हायच्या आधी होती, झाल्यावर वाढली. मुलं मोठी होऊ देत, मग धाव, असं म्हणणाऱ्यांना मी वयाचा साधा हिशोब सांगते. लांब पल्ल्याच्या धावण्यातली बाईची सर्वांत चांगली वर्षं आणि मुलं लहान असण्याची वर्षं, बहुतेक तीच असतात. मुलगा दहा वर्षांचा होईल तेव्हा मी त्रेचाळीस-चव्वेचाळीसची असेन. तेव्हाही धावेनच. पण आत्ताचे अकरा सेकंद तेव्हा मिळणार नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि सासूबाई कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. माझं पेन घेतलं आणि कार्तिकी एकादशीच्या आजूबाजूच्या पाच चौकोनांवर एक लांब रेघ ओढली.

‘‘भजनी मंडळाच्या बायका पंढरपूरला चालल्यात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मीही जाणार आहे. एवढे दिवस तू बघ.’’

त्या पाच दिवसांत ‘ना’ होतं. डिसेंबरच्या शर्यतीआधीचा माझा सर्वांत महत्त्वाचा आठवडा. कोळगावची लांब धाव त्यातच होती. मी म्हटलं, ‘‘आई, तुमचे गुडघे?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुझे गुडघे मी कधी विचारले?’’ त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी बॅग खाली काढली आणि माझ्या मुलीला लुगड्यांच्या घड्या घालायला बसवलं.

त्या आठवड्यात मी सोसायटीच्या आवारात धावले. एक फेरी १८० मीटर, चार वळणं, एका वळणावर पाण्याची टाकी. पहाटे नाही, संध्याकाळी, दोन्ही मुलं इमारतीच्या पायरीवर बसलेली. मुलगी प्रत्येक फेरीला भिंतीवर खडूची रेघ मारायची, पाच झाल्या की आडवी. सहा किलोमीटरला तेहेतीस रेघा आणि थोडं वर. एकतिसाव्या फेरीला धाकट्याला शू लागली. मी त्याला उचलून वर नेलं, हात धुतले, परत खाली आणलं, पायरीवर बसवलं. मनगटावरचं घड्याळ मी थांबवलं नव्हतं. बत्तिसावी रेघ मारायला मुलगी खडू घेऊन उभीच होती.